साठीनंतर स्पोर्टी गाडी आणि एडास : मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहतो, वय ६८, लायसन्स १९७५ चं. शिकलो हँड गिअरच्या फिएटवर, मग मारुती ८००, मग पॅलिओ १.६, मग पोलो, आणि गेली दोन वर्षं एडासवाली (म्हणजे कॅमेरा-रडारने ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टीम असलेली) पळणारी पेट्रोल सेडान, मॅन्युअल. आम्ही दहा-बारा जण रविवारी पहाटे गाड्या काढतो, चांदणी चौकातून पौड, मुळशी करत ताम्हिणीपर्यंत, नाश्ता करून साडेदहाच्या आत घरी. सगळे साठीच्या पुढचे. नवीन गाडी आल्यापासून एडासबद्दल इतके फोन येतात आणि तेच तेच प्रश्न, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढू.

वय ६५ झालं, आता कशाला स्पोर्टी गाडी? मुलगा म्हणतो बाबा उंच एसयूव्ही घ्या आणि निवांत चालवा.

हवी असेल तर घ्या. ज्या माणसाने पोरांची शिक्षणं आणि घराचे हप्ते फेडता फेडता वीस वर्षं साधी हॅचबॅक चालवली, त्याला आता स्वतःच्या पैशाने १५० पीएसची, म्हणजे ताकदवान इंजिनाची गाडी घ्यावीशी वाटली तर त्यात काही चूक नाही. आणि स्पोर्टी म्हणजे दामटायची गाडी असं मी मानतच नाही, माझ्यासाठी स्पोर्टी म्हणजे स्टिअरिंग वळवलं की तिथेच जाणारी, ब्रेक दाबला की सरळ रेषेत उभी राहणारी आणि ओव्हरटेकला ताटकळत न ठेवणारी गाडी. दोन पदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना समोरच्याच्या बाजूला तुम्ही जितके कमी सेकंद असाल तितकं चांगलं, त्यामुळे पिकअप ही नुसती हौसेची गोष्ट नाही.

मुलाचं एक मात्र खरंय, बसणं-उठणं. खालच्या सीटमधून उठताना गुडघे आणि कंबर बोलतात. शोरूममध्ये एकदा बसून बघू नका, पाच वेळा बसा आणि उठा, मग अर्धा तास चालवा, मग परत उठा. सहाव्यांदा उठताना दाराला धरून ओढत उठावं लागलं तर ती गाडी तुमच्यासाठी नाही, मग ती कितीही आवडलेली असू दे.

एडास म्हणजे नक्की काय? गाडी आपोआप चालते का?

नाही चालत. आरशामागे काचेला चिकटलेला एक कॅमेरा असतो, बऱ्याच गाड्यांत पुढच्या बंपरमध्ये किंवा जाळीमागे एक रडार असतं, आणि मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत छोटी रडारं. हे सगळं मिळून समोरची गाडी किती लांब आहे, आपण तिच्याकडे किती वेगाने जातोय, पांढरे पट्टे कुठे आहेत, मागून कोण येतंय हे मोजत असतं. त्यातून मग आवाज करून सावध करणं, गरज पडली तर ब्रेक लावणं, स्टिअरिंगला हलका धक्का देऊन पट्ट्यात ठेवणं, पुढच्या गाडीमागे अंतर राखून जाणं, असली कामं होतात. काही गाड्यांत नुसता कॅमेरा असतो, रडार नसतं, ते विकत घेताना विचारा.

आपल्याकडे जे मिळतं ते लेव्हल २ पर्यंतचं, म्हणजे स्टिअरिंग आणि स्पीड दोन्हीला मदत, पण डोळे रस्त्यावर आणि जबाबदारी पूर्ण तुमची. सेल्समन कितीही हात सोडून दाखवू दे, तुम्ही सोडू नका.

हे सगळं गेल्या दोन-चार वर्षांतलं फॅड आहे ना?

तसं वाटतं खरं, पण तसं नाहीये. मर्सिडीजच्या एस-क्लासला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम, १९७८ लाच मिळायला लागली होती, ईएससी म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी सिस्टीम १९९५ ला आली, रडारवर अंतर राखणारा क्रूझ त्याच कंपनीने १९९८ ला दिला. आपल्याकडे एमजी ग्लॉस्टर २०२० ला आणि महिंद्राची एक्सयूव्ही ७०० २०२१ ला आल्यावर एडास हा शब्द लोकांच्या तोंडी बसला, मग सिटी, व्हर्ना, हॅरिअर, क्रेटा अशी रांग लागली. युरोपात तर जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये आपोआप ब्रेक आणि लेन सांभाळणं सक्तीचं आहे, त्यामुळे तुमची मुलं तिकडे असतील तर त्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही.

एबीएस आलं तेव्हाही आमच्यातले जुने लोक म्हणायचे की खरा ड्रायव्हर स्वतः पंप करून ब्रेक मारतो. आता एबीएस नसलेली गाडी कोणी मुलीला देईल का?

५० वर्षं चालवतोय, एकदाही ठोकली नाही. मला कशाला मदतनीस?

हा प्रश्न मी स्वतःला विचारला होता म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा अनुभव खरा आहे आणि तो कामाचा आहे. समोरचा रिक्षावाला कुठे वळणार हे त्याच्या मानेवरून आपल्याला कळतं, ते कुठल्याच कॅमेऱ्याला कळत नाही. पण अनुभव मेंदूत असतो आणि माहिती डोळ्यांतून येते. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळट होतं, साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या मानाने साधारण एक-तृतीयांश प्रकाश पोचतो. समोरून हाय बीम आला की डोळे परत जागेवर यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. मान पूर्वीसारखी वळत नाही. आणि हे सगळं इतकं हळूहळू होतं की आपल्याला स्वतःला काही बदललंय असं वाटतच नाही, चष्म्याचा नंबर तोच असतो, दिवसा सगळं छान दिसतं.

माझं झालं ते सांगतो. लोणावळ्याहून जुन्या हायवेने येत होतो, संध्याकाळचे सात, दिवस पावसाळ्याच्या शेवटचे, राखाडी उजेड. स्पीड साठ-पासष्ट. पुढे एक ट्रॅक्टर-ट्रॉली चालली होती, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ट्रॉली त्याच संध्याकाळच्या रंगाची. मी समोरच बघत होतो, मोबाइल नाही, गप्पा नाहीत, शेजारी बायको डोळे मिटून बसलेली. आणि मला ती दिसली नाही. गाडी एकदम किंचाळली, मीटरमध्ये लाल चित्र आलं, पाय ब्रेकवर जायच्या आधीच गाडीने ब्रेक पकडायला सुरुवात केली होती, बाकीचा मी मारला. थांबलो तेव्हा मध्ये दीड-दोन गाड्यांची जागा उरली होती.

त्या रात्री जेवण गेलं नाही. हिशोब केला, ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, १०० ला २८. मला एक सेकंद उशीर झाला होता, फक्त एक. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालेला निघाला. मला काहीही त्रास जाणवत नव्हता.

तेव्हापासून मी एक केलंय. ग्लोव्ह बॉक्समध्ये छोटी वही ठेवलीय. समोरच्या धडकेचा इशारा वाजला की घरी आल्यावर तारीख, जागा आणि चूक कोणाची ते लिहायचं. कोणीतरी आडवं घुसलं असेल तर त्याची चूक, मला उशिरा दिसलं असेल तर माझी, गाडी उगाच ओरडली असेल तर गाडीची. मित्र, मुलं, बायको आपल्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहतात, ही वही गप्प राहत नाही.

मग कुठली फीचर्स खरंच कामाची?

माझा क्रम असा. पहिला ब्लाइंड स्पॉट, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात गाडी आली की पेटणारा आरशातला तो पिवळा दिवा. आपली मान जे करत नाही ते हा करतो, एक्स्प्रेस वेवर लेन बदलताना माझी नजर आधी त्या दिव्यावर जाते, मग आरसा, मग होईल तेवढी मान. दुसरं, रिव्हर्स घेताना आडवं येणारं दाखवणारं, सोसायटीच्या पार्किंगमधून मागे निघताना दोन खांबांमधून काहीही दिसत नाही आणि तेवढ्यात पोरं सायकल घेऊन येतात, ते याला आधी कळतं. तिसरं, समोरच्या धडकेचा इशारा आणि आपोआप ब्रेक, ते वर आलंच. चौथं, पुढच्या गाडीमागे अंतर राखून स्पीड आपोआप सांभाळणारा अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ.

लेन कीप, म्हणजे गाडीला पट्ट्यात ठेवणारं, माझ्यासाठी शेवटी. ऑटो हाय बीम सोयीचा आहे पण आपल्या रस्त्यांवर मी हातानेच डिप्पर देतो.

घाटात एडास चालू ठेवायचं का? मजा जाते ना?

सरसकट चालू किंवा सरसकट बंद असं करू नका, इथेच बहुतेक जण चुकतात.

लेन कीप घाटात बंद. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, आंबोली, यातल्या किती ठिकाणी मधला पट्टा धड दिसतो सांगा. कॅमेऱ्याला पट्टा दिसला नाही तर तो गप्प बसतो, पण अर्धवट दिसला की स्टिअरिंगला धक्का देतो, आणि नेमका तुम्ही खड्डा चुकवायला किंवा कडेने चाललेल्या माणसाला जागा द्यायला बाजूला गेलेले असता. वळणात हातात असा परका जोर आला की गाडीशी असलेलं बोलणंच तुटतं. आपण स्पोर्टी गाडी घेतली ती स्टिअरिंगमधून टायरचं कळावं म्हणून. तेव्हा घाट सुरू व्हायच्या आधी सरळ रस्त्यावर बटण दाबून लेन कीप बंद करायचं, आणि परत हायवेला लागलो की चालू. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगवरच त्याचं बटण असतं, लांब दाबावं लागतं.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझही घाटात नको. हेअरपिनमध्ये पुढची गाडी रडारच्या नजरेतून बाजूला जाते, गाडीला वाटतं रस्ता मोकळा झाला आणि ती स्पीड घ्यायला बघते. शिवाय उतारावर गिअर कुठला ठेवायचा हे तुमच्या हातात हवं. खंबाटकी उतरताना किंवा कात्रज बोगद्यानंतर नवले पुलाकडे येताना तो लांबच लांब उतार फसवा आहे, ब्रेकवर पाय ठेवून येऊ नका, खालच्या गिअरला या. हे कुठलंच सेन्सर तुमच्यासाठी ठरवत नाही.

समोरचा इशारा आणि आपोआप ब्रेक मात्र चालूच. ते वळणाची मजा घालवत नाही, नव्याण्णव वेळा ते असल्याचं कळतही नाही. ब्लाइंड स्पॉटही चालू.

मजा कुठे असते ते एकदा नीट बघा. माझी मजा वळणाच्या आधी ब्रेक, तिसऱ्यातून दुसरा, टाचेने किंचित रेझ देऊन गिअर मऊ पडणं, आणि वळणाच्या मध्यापासून गाडीने हळूहळू स्वतःला सरळ करत निघणं यात आहे. हे चाळीसच्या स्पीडलाही मिळतं. पहाटे साडेसहाला मुळशीच्या पाण्यावर धुकं असताना मिळतं. यातलं काहीही गाडी माझ्याकडून काढून घेत नाही.

ईएससी बंद केलं की गाडी जास्त मोकळी वाटते म्हणतात, करावं का?

रस्त्यावर कधीही नाही. अजिबात नाही. ओल्या वळणावर मागचं टोक सुटलं की सावरायला जो वेळ मिळतो तो पंचविशीतही कमीच असतो. ईएससी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करते, ते माणसाच्या पायाला शक्यच नाही, पायाखाली पेडल एकच असतं.

गाडी आपोआप ब्रेक मारते मग मागचा ठोकणार नाही का?

भीती खरी आहे. सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या कधी ना कधी उगाच ब्रेक पकडतात, पुलाची सावली, वळणावर पार्क केलेला ट्रक, अचानक कापून गेलेली दुचाकी, कारणं बरीच. मागे एसटी चिकटलेली असली की अशा वेळी पोटात गोळा येतो.

तीन गोष्टी करा. सेटिंगमध्ये इशारा लवकर, मध्यम, उशिरा असं असतं, शहरात उशिरा ठेवा, हायवेला मध्यम. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ शहरात लावूच नका, तुम्ही अंतर ठेवलं की त्यात दोन अ‍ॅक्टिव्हा आणि एक रिक्षा घुसते आणि गाडी प्रत्येकासाठी ब्रेक मारत बसते. आणि मागे कोणी चिकटलं असेल तर त्याला जाऊ द्या, आपल्याला कुठे हजेरी लावायचीय. लक्ष्मी रोडवर किंवा गणपतीच्या दिवसांत पेठांमध्ये माझे इशारे सतत वाजतात, ते मी वहीत लिहीत नाही.

समृद्धीवर क्रूझ लावला की नागपूरपर्यंत आराम, बरोबर?

इथे जरा थांबा. समृद्धी ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पूर्ण उघडला, कारला १२० ची मर्यादा, दुचाकीला बंदी, पट्टे स्वच्छ. एडासला यापेक्षा चांगला रस्ता महाराष्ट्रात नाही. आणि म्हणूनच माझ्या मते म्हाताऱ्या डोळ्यांना आणि दुपारच्या जेवणाला तो सगळ्यात अवघड रस्ता आहे. वळण नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही, पायाला काम नाही, हाताला काम नाही, तासाभराने डोळे उघडे असूनही माणूस रस्त्यावर नसतो.

त्यात एक तांत्रिक भानगड आहे ती सगळ्यांनी समजून घ्या. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ चालत्या गाडीमागे उत्तम चालतो, पण पूर्ण थांबलेली वस्तू ओळखण्यात तो कमी पडू शकतो, तसं गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच असतं. तुम्ही १२० ने एका गाडीमागे चाललाय, ती गाडी शेवटच्या क्षणी बाजूला झाली आणि पुढे पंक्चर झालेला ट्रक लेनमध्ये उभा आहे, अशा वेळी मशीनवर विसंबून राहिलात तर संपलं. १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते.

मी काय करतो ते सांगतो. क्रूझ १०० वर लावतो, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवतो. हात स्टिअरिंगवर कायम. दीड तासाने थांबायचंच, झोप येवो न येवो, उतरून दोन चकरा मारायच्या. निघायच्या आधी थंड टायरमध्ये हवा बघायची, दाराच्या चौकटीवर लिहिलेलं प्रेशर, पंपावरचा पोऱ्या सांगतो ते नाही. आणि इगतपुरीजवळच्या त्या साधारण ८ किलोमीटरच्या बोगद्यात शिरायच्या आधी गॉगल काढायचा, बाहेर पडताना स्पीड थोडा कमी करायचा, आपल्या डोळ्यांना उजेडाची सवय व्हायला वेळ लागतो.

पाऊस, धुकं?

कॅमेऱ्याला तुमच्याइतकंच दिसतं, कधी कमी. रडारवर चिखल बसला की मीटरवर मेसेज येतो, एडास बंद. ताम्हिणीला जुलैमध्ये हा मेसेज आला नाही असा रविवार माझ्या आठवणीत नाही. थांबून ओल्या फडक्याने कॅमेऱ्यासमोरची काच आणि बंपरवरची रडारची जागा पुसायची. तोवर समजायचं की गाडीत एडास नाही.

मॅन्युअल गिअरमध्ये एडास मिळतं का? की ऑटोमॅटिकच घ्यावी लागते?

मिळतं, पण कमी गाड्यांत आणि अर्धवट. व्हर्ना टर्बो २०२३ ला आली तेव्हा सहा गिअरच्या मॅन्युअललाही एडास होतं पण अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ नव्हता. सिटीच्या मॅन्युअलला अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ आहे पण गाडी अगदी थांबेपर्यंत नेणारा नाही. कारण सरळ आहे, गाडी पूर्ण थांबवायची तर क्लच कोण दाबणार.

माझं मत विचाराल तर गुडघे चांगले असतील तोवर मॅन्युअल घ्या. डावा गुडघा दुखत असेल तर डीसीटी म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक घ्या, स्टिअरिंगमागच्या पॅडलवर गिअर टाका, त्यात कमीपणा नाही. आमच्यातल्या एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांनी डीसीटी घेतली आणि आता ते घाटात पॅडलवर इतके सुरेख गिअर बदलतात की मागे बसणाऱ्याला कळत नाही. फक्त डीसीटीला चढावर ट्रॅफिकमध्ये ब्रेकऐवजी रेझवर तोलून धरू नका, क्लच गरम होतो.

थेट नावं सांगा, कुठली घेऊ?

भाव मी लिहीत नाही, बदलत राहतात.

व्हर्ना टर्बो आणि क्रेटा एन लाइन, दोन्हींना १६० पीएस, दोन्हींत एडास, दोन्ही मॅन्युअलमध्ये आल्या. क्रेटा उंच असल्यामुळे बसायला सोपी, वळणात व्हर्ना जास्त बसलेली वाटते. व्हर्टस जीटी १५० पीएस, चालवायला माझ्या मते या सगळ्यांत गोड, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही विश्वासाचे, पण २०२२ ला आली ती एडासशिवाय, म्हणजे डोळे आणि मान शाबूत असणाऱ्यासाठी. आय-ट्वेंटी एन लाइन छोटी, १२० पीएस, शहरात आणि अरुंद घाटात फार मजेची, तिलाही एडास नाही.

बजेट मोठं असेल तर २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएस दोन्ही आल्या, दोन्ही २६५ पीएस, दोन्हींत एडास, ऑक्टाव्हियाच्या तर देशात फक्त १०० गाड्या. २६५ पीएसला आपल्या रस्त्यांवर जागा कमी आहे, पण ज्याने आयुष्यभर जीटीआयचं पोस्टर मनात ठेवलंय त्याला मी नको म्हणणार नाही.

माझी जुनी पॅलिओ किंवा पोलो आहे, तिला बाहेरून एडास बसवता येईल?

इशारा देणारे डॅशकॅम मिळतात, समोर गाडी जवळ आली की बीप करतात, ते लावा हवं तर. ब्रेक मारणारं बाहेरून काही लावायच्या फंदात पडू नका, जुन्या गाडीच्या ब्रेकच्या वायरिंगशी खेळ नको.

तेच पैसे टायरला घाला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांच्या वरचे टायर मी ठेवत नाही, आमच्यासारख्यांच्या गाड्या कमी चालतात त्यामुळे टायर झिजत नाहीत, वाळतात. मग हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश करून घ्या, मागे पार्किंग सेन्सर बसवा, आरशाच्या कोपऱ्यात तो गोल छोटा आरसा चिकटवा. जुनी पॅलिओ अशी नीट ठेवली तर तिचं स्टिअरिंग आजच्या गाड्यांपेक्षा जास्त बोलतं, ती विकू नका.

पुढची काच फुटली, बदलली, आता एडास वेडंवाकडं वागतंय.

कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याचा कोन परत जुळवणं, राहिलंय. कॅमेरा काचेवर बसलेला असतो, काच बदलली की त्याचा कोन केसभर बदलतो, आणि केसभर कोन म्हणजे पन्नास मीटरवर भलतीच लेन. माझी काच दगड उडून तडकली होती, एका वर्कशॉपने बदलून दिली, कॅलिब्रेशन झालं का विचारलं तर हो म्हणाले. तीन दिवस गाडी डावीकडे ओढत होती आणि मोकळ्या रस्त्यावर ओरडत होती. परत गेलो, तेव्हा कळलं की केलंच नव्हतं. मला याचा फार राग आला कारण हा सोयीचा नाही, जिवाचा विषय आहे.

तेव्हा बिलावर कॅलिब्रेशन लिहून घ्या, रिपोर्टची प्रिंट मागा, आणि इन्शुरन्सवाल्याला आधीच विचारा की ते क्लेममध्ये धरणार का. पुढच्या बंपरला ठोकर लागली, गाडीची उंची बदलली, तरी तपासून घ्या. हौसेने स्प्रिंग खाली घेणाऱ्यांनी तर नक्कीच. कॅमेऱ्यासमोर गणपतीचं स्टिकर, फास्टॅग, काळी फिल्म काहीही नको.

लायसन्सचं काय? या वयात रिन्यू होतं ना?

होतं. ५५ नंतर दर ५ वर्षांनी करावं लागतं. डॉक्टरांनी सही केलेला फॉर्म १-अ लागतो, अर्ज सारथी पोर्टलवर. मुदत संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यावी लागते, तेवढं होऊ देऊ नका. आणि फॉर्मवर ओळखीच्या डॉक्टरांची न तपासता सही घेऊ नका, कृपया. तपासूनच घ्या, आपल्यासाठीच आहे ते.

गोळ्या चालू आहेत, त्याने काही होतं का?

होतं, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. सर्दीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी दुसऱ्या दिवशीपर्यंत जड वाटतं. झोपेच्या गोळीचा अंमल पहाटेपर्यंत राहतो आणि आपण साडेपाचला गाडी काढतो. डायबिटीसवाले उपाशी पोटी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निघतात, नाश्ता घाटाच्या वर, मध्येच शुगर खाली जाते, हे आमच्या ग्रुपमध्ये एकदा झालंय, नशिबाने ते शेजारी बसले होते. आता आमचा नियम आहे, निघायच्या आधी प्रत्येकाने काहीतरी खायचंच, आणि गाडीत गोळ्या-बिस्किटं हाताला येतील अशी. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, मी गाडी चालवतो, ही गोळी चालेल का.

मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं असेल तर लेन्स निवडताना सांगा की रात्री गाडी चालवतो. काही मल्टिफोकल लेन्सने रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. मी डॉक्टरांशी बोलून साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची लेन्स घेतली, वाचायला चष्मा लागतो, पण समोरचा हेडलाइट आता टिंबासारखा दिसतो, फुलासारखा नाही.

एकदा तरी पूर्ण वेगात चालवायचीय.

ट्रॅकवर चालवा. कोइम्बतूरला कारी, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, दिल्लीकडे बुद्ध सर्किट. हेल्मेट, इन्स्ट्रक्टर, समोरून कोणी येत नाही, कुत्रं नाही, पोर नाही. जाण्याआधी बीपी आणि हृदय तपासून घ्या, ब्रेक ऑइल बदला. एक्स्प्रेस वेवर नाही. तिथे आता कॅमेरे आहेत हे कारण नाही, तिथे लोक आहेत.

मग थांबायचं कधी?

हा प्रश्न कोणी फोनवर विचारत नाही, गाडीजवळ उभं राहून, बाकीचे लांब गेले की विचारतात.

एकदम किल्ली ठेवायची अशी तारीख नसते असं मला वाटतं. आधी रात्रीचं सुटतं, मग पावसातलं, मग अनोळखी शहर, मग हायवे. घाट कदाचित सगळ्यात शेवटी, पहाटेचा, माहितीचा. एडासने हे टप्पे लांबतात, मला खात्री आहे, पण टळत नाहीत.

लक्षणं बघा. ओळखीच्या वळणावर गिअर चुकणं. दार किंवा बंपर खांबाला घासणं आणि कधी घासलं ते न आठवणं. लोक मागून हॉर्न देतायत आणि का ते न कळणं. नातवंडांना तुमच्या गाडीत बसवायला सून काहीतरी कारण काढणं. आणि ती वही. त्यात ‘माझी’ या खुणेचे आकडे वाढायला लागले की समजायचं. आमच्यातल्या ७६ वर्षांच्या एका मित्राने माझं बघून वही सुरू केली, आठ महिन्यांत महिन्याला दोनवरून नऊवर गेले, तपासणीत नजरेचा एक कोपरा अधू झालेला निघाला, काचबिंदू. त्यांनी स्वतःच किल्ली मुलीला दिली. अजून दर रविवारी येतात, शेजारच्या सीटवर बसतात, आणि मुळशीनंतरच्या त्या डाव्या वळणाला अजूनही त्यांचा डावा पाय क्लच दाबतो, मुलगी सांगते.

माझ्या वहीत गेल्या महिन्यात चार नोंदी आहेत, दोन दुसऱ्यांच्या, एक गाडीची, एक माझी. सत्तर झाल्यावर रात्री चालवायचं नाही असं मी घरी सांगून ठेवलंय आणि तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहून बायकोची सही घेतलीय.